योनाथान रानात गेला

(वाचावयाचे शास्त्रभाग : १ शमुवेल २३:१५–१८, २ शमुवेल ९)



आईबाप, भाऊबंद व सोयरे ही माणसे मनुष्यास जन्माने किंवा लग्नाने मिळतात. त्यांत त्याच्या निवडीस फारसा वाव नसतो. मित्र मात्र ज्याचा त्याने जोडावा लागतो, आणि जोडला म्हणजे ज्याचा त्याने राखावा लागतो. जोडणे सोपे आहे. दोघांनी एका बांधावर बसून भाकरी खाल्ली, चार आठवडे बाजारास बरोबर गेले, एकाच्या अडचणीत दुसऱ्याने आपली बैलजोडी दिली, की ओळख होते. आणि ओळख मुरली म्हणजे तिला लोक मैत्री म्हणू लागतात. राखणे ही गोष्ट निराळी आहे. जोवर दोघांचेही बरे चालले आहे तोवर मैत्री आपोआप चालते. एकाचे दिवस फिरले, एकास मान मिळाला व दुसऱ्यास मिळाला नाही, दोघांमध्ये पैसा आला किंवा तिसऱ्याचे तोंड आले, म्हणजे तिची परीक्षा सुरू होते.

ही परीक्षा आपल्या लोकांस इतरांहून अधिक द्यावी लागते. प्रभूचे नाव घेतल्यावर पुष्कळांचे जुने सोबती सुटले. काही गावी त्यांनीच पाठ फिरविली. पाणवठ्यावर बोलणे बंद झाले, लग्नकार्याचे आमंत्रण येईनासे झाले. ते दुःख ज्यांनी सोसले त्यांस ते ठाऊक आहे. परंतु काही गावी गोष्ट उलट घडली. जुना सोबती दारात येत होता, आणि आपल्याच माणसाने त्यास तोडले. आता आपला त्याचा काय संबंध, असे मनात आणून तोडले. आणि ज्या नव्या मंडळीत तो आला तेथे सगळे बंधू म्हणवितात खरे, पण बंधू म्हणणे आणि मित्र असणे ह्यांत अंतर आहे. रविवारी एका सतरंजीवर बसणारे दोघे सोमवारी एकमेकांच्या दारावरून न बोलता जातात, असे कोठे घडत नाही काय?

म्हणून आज आपण योनाथानाकडे पाहू. त्याची व दावीदाची मैत्री कशी जुळली हे शब्बाथशाळेतील लेकरांसही पाठ असते. दावीद गल्याथास मारून आला, आणि योनाथानाचा जीव त्याच्यावर जडला. त्याने आपला झगा काढून त्यास दिला. तरवार, धनुष्य व कमरपट्टाही दिला. ह्या देण्याचा अर्थ मात्र लेकरांस सांगितला जात नाही. योनाथान हा राजाचा पुत्र होता, शौलामागून गादी त्याची होती. तो भित्रा किंवा कर्तृत्वहीन होता म्हणावे तर तसेही नाही. मिखमाशाच्या खिंडीत आपल्या एका शस्त्रवाहकास बरोबर घेऊन हातापायांनी कडा चढून जो पलिष्ट्यांच्या ठाण्यावर पडला, तो हाच. त्या काळी इस्राएलात पराक्रमी म्हणून जर कोणाचे नाव असेल तर ते योनाथानाचे असावयाचे. अशा मनुष्यासमोर एक मेंढरे राखणारा पोर येतो, आणि एका दिवसात सगळ्या देशाच्या तोंडी त्याचे नाव होते. बायका डफ वाजवून गाऊ लागल्या, आणि त्यांनी दावीदाचा पराक्रम शौलाच्या दसपट केला. ते गाणे बापाने ऐकले तसे लेकानेही ऐकले असेल. बापाच्या हातात भाला आला. लेकाच्या मनात काही आले नाही. एकाच घरात एकाच गाण्याची ही दोन फळे.

मत्सर हा मैत्रीचा पहिला शत्रू होय, आणि तो परक्यांमध्ये फारसा शिरत नाही. दूरच्या गावच्या पाटलाचा मुलगा मोठा अंमलदार झाला तर आपणांस त्याचे काही वाटत नाही. परंतु आपल्याबरोबर शाळेत बसलेला, आपल्याबरोबर गुरे वळलेला सोबती शिक्षक झाला, त्याच्या घरावर पत्रे चढले, मंडळीने त्यास पंच निवडले, म्हणजे पोटात कसेसे होते. आपण त्याच्याविषयी वाईट बोलत नाही. केवळ त्याच्याकडे जाणे कमी करितो. आणि मग म्हणतो की, तो आता मोठा झाला, त्यास आपली ओळख कोठली! पुष्कळदा मोठा झालेला तेथेच असतो. मागे सरलेले आपण असतो.

योनाथानाने ही परीक्षा एकदा नव्हे, वारंवार दिली. प्रथम तो बापाशी बोलला, आणि दावीदाने जिवावर उदार होऊन तुमचेच काम केले, निर्दोष्याचे रक्त का पाडता, असे त्याने त्यास समजाविले. शौलाने तेवढ्यापुरते ऐकले. पुढे चंद्रदर्शनाच्या मेजवानीत दावीदाची जागा रिकामी दिसली, तेव्हा बापाने लेकास जे सुनावले ते सगळ्यांत जिव्हारी लागणारे होते. तो इशायाचा पुत्र जिवंत आहे तोवर तुझे राज्य तुला मिळावयाचे नाही, असा त्याचा आशय होता. शौल ह्यात खोटे बोलला नाही, हे लक्षात घ्या. हिशेब बरोबर होता. योनाथानानेच तो करावयाचे नाकारले. त्याच्यावरही भाला फेकण्यात आला, आणि तो त्या दिवशी न जेवता उठून गेला.

आता ज्या वचनाकरिता हा विषय घेतला त्याकडे येऊ. दावीद जीफच्या रानात होरेश येथे लपला होता. शौल रोज त्याच्या शोधात. दावीदापाशी त्या वेळी काय होते? गादी नाही, घर नाही. कर्जबाजारी व त्रासलेली सुमारे सहाशे माणसे बरोबर, आणि आज ह्या गुहेत तर उद्या त्या डोंगरावर. त्याच्याशी ओळख आहे असे म्हणणेही धोक्याचे होते. त्यास भाकर दिली म्हणून नोब गावचे याजक शौलाने कापून काढले होते. अशा वेळी योनाथान उठला आणि रानात त्याच्याकडे गेला.

त्याने बरोबर काय नेले ते शास्त्रात लिहिलेले नाही. धान्य नेले, पैसा नेला, शिपाई नेले, असे काही नाही. तो गेला, एवढेच लिहिले आहे; आणि देवाच्या ठायी त्याने त्याचा हात बळकट केला, असा पुढचा आशय आहे. भिऊ नकोस असे तो म्हणाला, पण मी आहे म्हणून भिऊ नकोस असे म्हणाला नाही. कारण बापाच्या भाल्यापुढे त्याचे स्वतःचेही काही चालत नव्हते. देवाने दावीदास जे सांगितले होते त्याची आठवण त्याने करून दिली. तू राजा होशील, मी तुझ्या खालोखाल असेन, आणि हे माझ्या बापासही ठाऊक आहे, असे तो बोलला. गादीचा वारस गादी दुसऱ्याची आहे असे आपल्या तोंडाने बोलतो, आणि ते सांगावयास जीव धोक्यात घालून रानात जातो. त्यानंतर दोघांनी परमेश्वरासमोर करार केला. दावीद रानात राहिला, योनाथान आपल्या घरी गेला. त्या दोघांची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही.

तो घरी का गेला, दावीदाबरोबर का राहिला नाही, म्हणून काही उपदेशक योनाथानास दोष देतात. मला ते पटत नाही. घरी त्याचा बाप होता; वेडापिसा झालेला, देवाने सोडलेला, पण बाप. योनाथानाने बापाच्या पापात हात घातला नाही, आणि बापास टाकलेही नाही. गिलबोवाच्या डोंगरावर बाप पडला त्याच दिवशी, त्याच लढाईत लेकही पडला. मित्राकरिता घर सोडले पाहिजे, किंवा घराकरिता मित्र सोडला पाहिजे, असे आपले लोक पुष्कळदा धरून चालतात. ज्यांच्या घरी आईबाप अजून जुन्या मार्गाने चालतात त्यांनी हे पान दोनदा वाचावे.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गावात रान कोठे आहे हे आपणांस दाखविण्याची गरज नाही. कालपर्यंत ज्याच्या ओसरीवर माणसांची दाटी होती व आज ज्याचे पद गेले, त्याचे घर म्हणजे रान. ज्याचे पीक सलग दोन वर्षे बुडाले व जो देणेकऱ्यांच्या भयाने मंडळीत येत नाही, त्याचे घर म्हणजे रान. ज्याची मुलगी सासरहून परत आली व ज्याच्याविषयी विहिरीवर कुजबुज चालली आहे, त्याचेही. आणि ज्यास पंचांनी शिस्तीखाली प्रभुभोजनापासून दूर ठेविले आहे तो? पंचांनी योग्य केले असेल. परंतु प्रभुभोजन बंद झाले म्हणून रामराम बंद व्हावा असे कोठे लिहिले आहे? त्याच दिवसांत त्याच्याकडे जाणारा कोणी हवा असतो, आणि त्याच दिवसांत त्याच्या दारापुढची वाट मोडते.

गेल्यावर काय बोलावे ही अडचण पुष्कळांस पडते, आणि काय बोलावे हे न सुचल्यामुळे ते जातच नाहीत. ईयोबाचे तीन मित्र आठवा. ते आपापल्या गावाहून ठरवून आले, त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री भुईवर बसले, आणि कोणी एक शब्द बोलला नाही. तेवढे त्यांचे वागणे निर्दोष होते. तोंड उघडून ते त्याच्या दुःखाचे कारण त्यासच समजावू लागले तेव्हा बिघडले, आणि शेवटी देवाने त्यांस दोष दिला. तर मग शेजारी ओसरीवर बसावे, त्याच्या गुरांस वैरण टाकावी, एखादे पत्र किंवा अर्ज लिहून द्यावा, आणि निघताना लहानशी प्रार्थना करावी. उपदेश दुसऱ्या फेरीस ठेवला तरी चालेल.

पैशाविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे, कारण आपल्या मंडळ्यांत जितकी मैत्री जामीनकीने मोडली तितकी दुसऱ्या कशानेही मोडली नसेल. मित्र सोसायटीचे कर्ज काढतो, किंवा लग्नाकरिता सावकाराकडे जातो, आणि म्हणतो, तू नुसती सही कर. ‘नुसती सही’ असे काही नसते. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात अशा सहीत अडकलेल्या मनुष्यास, पारध्याच्या हातून हरीण सुटते तशी आपली सुटका करून घे, असा सल्ला आहे. तो निर्दय मनुष्याने दिलेला नाही. जे आपल्याने फिटेल तेवढ्यासच जामीन राहावे, आणि ते आपणांसच फेडावे लागेल असे आरंभीच समजून राहावे. तेवढे नसेल तर स्पष्ट नाही म्हणावे, आणि घरात असेल ते, दोन पायली जोंधळे का होईनात, परत न मागण्याच्या बोलीने द्यावे. नाही म्हटल्याने मित्र चार दिवस रुसेल. सही करून पुढे जप्ती आली म्हणजे दोघांची घरे एकमेकांस कायमची परकी होतील, आणि त्यांची मुले कारण न कळता एकमेकांशी बोलणार नाहीत.

आता मंडळीबाहेरच्या मित्रांविषयी. पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिले की, अविश्वासी मनुष्याने तुम्हांस जेवावयास बोलाविले व तुम्हांस जावेसे वाटले तर जा, आणि वाढले ते चौकशी न करता खा. हे अन्न मूर्तीस वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर मात्र खाऊ नका, अशी मर्यादाही त्याने घातली. त्या मर्यादेवर आपल्यात पुष्कळ वाद होतात. परंतु वाक्याच्या आरंभाकडे कोणी पाहत नाही. त्या मंडळीतील लोकांस त्यांचे जुने मित्र अजून जेवावयास बोलावीत होते, आणि प्रेषितास त्यात नवल किंवा संकट वाटले नाही. ज्याच्या घरी बाहेरचा एकही मनुष्य येत नाही त्याने आपल्या पावित्र्याची फुशारकी मारू नये. आपल्या प्रभूस लोकांनी जकातदारांचा व पाप्यांचा मित्र म्हटले ते शिवीदाखल म्हटले होते.

आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण सर्वांस ठाऊक असावे. रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला, आणि त्यापायी आप्त, इष्ट व काही वर्षे स्वतःची पत्नीदेखील त्यांस दुरावली होती. ज्यास इतके सोसावे लागले त्याने बाहेरच्या जगाकडे दार लावून घेतले असते तर त्यास कोण नावे ठेवणार होता? परंतु १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात ज्या पोरसवदा कवीचे नाव झाले, ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे ज्यांस सगळा महाराष्ट्र बालकवी म्हणून ओळखतो ते, पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे टिळकांच्याच घरी येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांस घरच्या मुलासारखे वागविले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात ठोंबऱ्यांच्या आठवणी आहेत. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, म्हणून काही त्या घराची माया आटली नाही. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला, आणि पुढच्याच वर्षी टिळकही गेले. मित्राने आपला मार्ग धरावा अशी इच्छा ख्रिस्ती मनुष्यास असणारच, आणि ती लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याने तो धरला नाही तर मैत्री संपली असे होत असेल, तर ती पहिल्यापासून मैत्री नसून गळ होता, आणि मासा मूर्ख नसतो.

मैत्री राखणे किती लांबवर जाते हे पाहण्यासाठी आपण पुन्हा दावीदाकडे येऊ. योनाथान मेला, दावीद राजा झाला. त्या काळी नवा राजा जुन्या घराण्याचा मागमूस ठेवीत नसे. म्हणून दावीदाने जेव्हा विचारले की, शौलाच्या घराण्यातील कोणी उरला आहे काय, तेव्हा ऐकणारांच्या पोटात गोळा आला असेल. परंतु योनाथानाकरिता त्याच्यावर दया करावी, असे त्याचे पुढचे बोलणे होते. सीबा नावाच्या जुन्या चाकराने सांगितले की, एक आहे. मफीबोशेथ त्याचे नाव. गिलबोवाची बातमी आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, दाई त्यास घेऊन पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. लो-दबार गावी माखीर नावाच्या गृहस्थाच्या घरी तो राहत असे. दावीदाने त्यास आणविले. तो राजापुढे पालथा पडला आणि स्वतःस मेलेले कुत्रे म्हणाला. राजाने त्यास त्याच्या आजाची सगळी शेती परत दिली, सीबास ती कसावयास लाविली, आणि मफीबोशेथास आपल्या पंगतीस आपल्या मुलांबरोबर कायमचे बसविले. मेलेल्या मित्राने राजास काय परत देणे शक्य होते? पण करार झाला होता.

ह्या माखीराची आठवण कोणी ठेवीत नाही. योनाथानाच्या लंगड्या पोरास त्याने राजघराण्याची भीती न बाळगता घरी ठेविले होते. पुढे अबशालोमाच्या बंडात दावीद पळून महनाईमास पोहोचला, भुकेला व थकलेला. तेव्हा अंथरुणे, भांडी, गहू, सातू, मसूर व मध घेऊन जे तिघे आले त्यांत लो-दबारचा माखीर होता. दावीदाने मफीबोशेथास आणविले तेव्हा ह्याने राजा कसा आहे हे पाहिले होते.

त्याच बंडात सीबाने आपला डाव साधला. राजा अनवाणी पळत असता तो वाटेत लादलेली गाढवे घेऊन उभा राहिला. दोनशे भाकरी, मनुकांचे शंभर घड, फळे, द्राक्षारस. मफीबोशेथ कोठे आहे, असे राजाने विचारले. तो यरुशलेमात बसून आजाचे राज्य मिळण्याची वाट पाहत आहे, असे सीबा म्हणाला. आणि दावीदाने, ज्याने करार पाळण्याकरिता ह्या पोरास शोधून आणिले होते त्याच दावीदाने, एका मनुष्याच्या तोंडचे ऐकून, त्याच ठिकाणी, त्याच घटकेस सगळी शेती सीबास देऊन टाकिली. राजा थकलेला होता, स्वतःच्या पुत्राने त्यास दगा दिला होता, आणि भाकरी समोर होत्या. चहाडखोर नेहमी अशीच वेळ व अशीच भाकर निवडतो.

राजा परत आला तेव्हा मफीबोशेथ सामोरा गेला. राजा गेल्या दिवसापासून त्याने पाय धुतले नव्हते, दाढी नीट केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. माझ्या चाकराने मला फसविले, मी लंगडा असल्यामुळे गाढवावर खोगीर घालावयास सांगितले व तो तेच घेऊन निघून गेला, असे त्याने सांगितले. खरे कोण बोलले हे शास्त्रकर्ता सांगत नाही. परंतु दाढी एका दिवसात वाढत नाही, आणि माझा विश्वास त्या दाढीवर आहे. दावीदाने मात्र तंटा मिटवावयाचा म्हणून, तू व सीबा शेत वाटून घ्या, असे म्हटले. हा न्याय मला पुरता वाटत नाही. मफीबोशेथानेही वाद घातला नाही. सगळेच त्याला घेऊ द्या, माझा राजा सुखरूप घरी आला एवढे मला बस आहे, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता. अर्धी शेती गमावलेल्या त्या लंगड्या मुखातून त्याचा बाप बोलत होता असे वाटते.

पुढे देशात तीन वर्षे दुष्काळ पडला, आणि शौलाने केलेल्या रक्तपाताचा जाब गिबोनकरांनी त्याच्या वंशजांपाशी मागितला. तो अध्याय कठीण आहे, आणि त्याचा विचार दुसऱ्या प्रसंगी करू. त्यात एवढे लिहिले आहे की, योनाथानाशी झालेल्या शपथेमुळे दावीदाने मफीबोशेथास हाती दिले नाही. मग तो याबेश-गिलादास गेला. शौलाच्या व योनाथानाच्या अस्थी तेथील लोकांनी चोरून आणून जतन केल्या होत्या. रानातल्या त्या भेटीस आता कित्येक वर्षे लोटली होती. दावीदाने त्या अस्थी मागून घेतल्या, बन्यामिनाच्या मुलखात सेला येथे आणिल्या, आणि योनाथानाचा आजा कीश याच्या थडग्यात मूठमाती दिली.